खालची अक्कलदाढ नसेला टेकली आहे: शस्त्रक्रियेआधी काय समजून घ्यावे?

वेणूप्रिया (मिरज):

नमस्कार. माझे वय चौतीस वर्षे आहे. मी एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि गेली नऊ वर्षे बासरी शिकते. माझी डावीकडची खालची अक्कलदाढ अर्धी हिरडीखाली अडकलेली आहे. गेल्या दीड वर्षात तिच्यावरची हिरडी तीन वेळा सुजली. पहिल्या खेपेला मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर भागले, दुसऱ्या खेपेला पाच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या आणि तिसऱ्या खेपेला, म्हणजे यंदा ऐन गणपतीत, तोंड जेमतेम दीड बोट उघडत होते आणि घोट गिळताना कानापर्यंत कळ जात होती. घरात सगळे पंगतीला बसलेले असताना मी वरणात कुस्करलेला भात चमच्याने खात होते.

आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला. दाढ पुढच्या दाढेवर कललेली आहे, तिची मुळे जबड्यातल्या नसेजवळ आहेत आणि ती सर्जनकडूनच काढून घ्यावी, असे त्यांनी सांगितले. ज्या रुग्णालयात मी गेले तिथे सर्जनची भेट पाच मिनिटे झाली. नंतर काउंटरवर एक इंग्रजी संमतिपत्र सहीसाठी पुढे करण्यात आले. त्यात खालचा ओठ, हनुवटी आणि जीभ यांना तात्पुरती किंवा कायमची बधिरता येऊ शकते, असे एक वाक्य होते. मी त्याबद्दल विचारले तेव्हा "असे सगळ्यांकडूनच लिहून घेतात, तुम्ही काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. मी तारीख घेतली आहे, पण सही अजून केलेली नाही.

मला वेदनेची फारशी भीती वाटत नाही. माझी काळजी ओठाची आहे. बासरी वाजवताना खालचा ओठ फुंकेच्या छिद्राच्या काठावर किती टेकला आहे, तो किती पुढे आला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, ते ओठालाच कळते. मंद्र सप्तकात तर केसभर फरक पडला तरी स्वर फुटतो. अर्धा ओठ बधिर झाला तर माझी बासरी थांबेल का? ही दाढ काढणे खरोखर गरजेचे आहे का, नस किती जवळ आहे हे नक्की कसे कळते, आणि दाढ पूर्ण काढण्याखेरीज दुसरा मार्ग असतो का? ज्यांना अनुभव आहे किंवा या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शारदा (कोथरूड):

ताई, तुमच्या प्रश्नाला मी स्वतःच्या अनुभवातून उत्तर देऊ शकते, म्हणून घाबरवण्याचा हेतू न ठेवता जसे घडले तसे लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. शस्त्रक्रिया चाळीस मिनिटांत झाली आणि दुखलेही नाही. संध्याकाळपर्यंत भूल उतरेल असे सांगितले होते. जीभ आणि गाल जागे झाले, पण खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग आणि हनुवटी दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली. भूल जरा जास्त दिली असेल असे समजून मी चार दिवस वाट पाहिली. ते चार दिवस वाया गेले, याची मला आजही खंत वाटते.

बधिरता म्हणजे काय हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. चहा पिताना कपाची कड अर्धीच लागते आणि उरलेला अर्धा कप जणू हवेत असतो. जेवताना भाताचे शीत ओठाला चिकटले तरी कळत नाही, त्यामुळे माझी मुलगी समोरून नुसता स्वतःच्या ओठाला हात लावून मला खूण करायची. दोन वेळा ओठ चावला गेला आणि ते रक्त दिसल्यावर समजले. मात्र आरशात पाहिले तर चेहरा अगदी पूर्वीसारखा होता, ओठ कुठेही वाकडा नव्हता आणि बोलण्यातही फरक नव्हता. त्यामुळे घरच्यांनाही सुरुवातीला माझी तक्रार नीट समजत नव्हती.

नंतर मी दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी कापसाचा बोळा आणि टाचणीचे टोक लावून कुठे जाणीव आहे आणि कुठे नाही हे तपासले, पेनाने हनुवटीवर त्या भागाची सीमा आखली आणि तिचा फोटो काढून ठेवला. दर पंधरा दिवसांनी ती सीमा पुन्हा आखली जाई. सातव्या आठवड्यात मुंग्या येऊ लागल्या, आणि ते चांगले लक्षण असल्याचे त्यांनी सांगितले. पाच महिन्यांत जवळजवळ सगळे परत आले. आज हनुवटीवर अंगठ्याच्या नखाएवढा एक भाग किंचित जाड वाटतो, इतकेच. माझा ओपीजी नंतर पाहताना त्या डॉक्टरांनी मुळांवरचा काळसर पट्टा दाखवला. तो पट्टा शस्त्रक्रियेच्या आधीही त्या फिल्मवर होता, पण मला कोणी तो दाखवला नव्हता.

शल्यदंत (छत्रपती संभाजीनगर):

मी मुख व जबडा शल्यचिकित्सक आहे. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षांची एम.डी.एस. करून या शाखेत येता येते, आणि अडकलेल्या अक्कलदाढा काढणे हे आमचे जवळजवळ रोजचे काम आहे. फिल्म न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर समजून घेण्यासाठी आहे. निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या सर्जननेच तुमच्यासोबत घ्यायचा आहे.

आधी दाढ काढायला हवी का याविषयी. अडकलेली प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे हा जुना समज आता मागे पडला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच अशी मार्गदर्शक भूमिका घेतली की कोणताही आजार नसलेल्या अडकलेल्या दाढा केवळ अडकल्या आहेत म्हणून काढू नयेत, आणि हिरडीची सूज पहिल्यांदाच व हलकी आली असेल तर तेवढे कारण पुरेसे मानू नये. सूज पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र काढण्याचे कारण योग्य ठरते. तुम्हाला तीन वेळा त्रास झाला, आणि तिसऱ्या वेळी तोंड उघडेना. तिथला संसर्ग जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचू लागला की असे होते, आणि तो पुढे घशाच्या बाजूला उतरला तर जिवावर बेतू शकते. शिवाय कललेल्या दाढेच्या खाचेत अन्न अडकून तिच्या पुढची चांगली दाढ मागून किडते. ती किड आरशात दिसत नाही, म्हणून तुमच्या सर्जनला त्या पुढच्या दाढेबद्दल अवश्य विचारा. तुमच्या वर्णनावरून उपाय करण्याची गरज आहे, असेच मी म्हणेन.

आता नसेबद्दल. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मोठ्या नसेची एक शाखा खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून हाडातल्या एका बारीक बोगद्यातून पुढे येते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर पडून त्या बाजूचा खालचा ओठ व हनुवटी यांना स्पर्शाची जाणीव देते. ओठ हलवण्याचे काम तिच्याकडे नाही. ते काम कानाजवळून चेहऱ्यावर पसरणारी वेगळीच नस करते. म्हणून अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत ही नस दुखावली तरी ओठ लोंबत नाही, वाकडा होत नाही आणि शीळ घालण्यासाठी किंवा फुंकेसाठी त्याचा चंबूही करता येतो. शारदाताईंचा चेहरा आरशात जसाच्या तसा दिसत होता, त्याचे कारण हेच. पण वेणूप्रियाताई, तुमची शंकाही तितकीच खरी आहे, कारण ओठ हलेल परंतु तो कुठे टेकला आहे हे अर्ध्या भागाला कळणार नाही, आणि वाद्य फुंकणाऱ्याला नेमके तेच लागते. हे तुम्ही सर्जनला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. ज्या रुग्णाचा व्यवसाय किंवा साधना ओठावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत मी स्वतः वेगळा विचार करतो.

दुसरी नस जिभेची. ती दाढेच्या आतल्या बाजूला, कधी कधी पातळ त्वचेखालीच असते आणि जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाच्या त्या बाजूला स्पर्श व चव देते. ती कोणत्याही एक्स-रेत दिसत नाही, म्हणून आम्ही काप गालाच्या बाजूने घेतो आणि जिभेच्या बाजूला शक्यतो हातच लावत नाही.

नस किती जवळ आहे याची पहिली सूचना ओपीजी देतो. बोगद्याच्या दोन्ही कडा फिल्मवर पांढऱ्या रेषांसारख्या दिसतात. मुळे त्या रेषांवरून जात असतील आणि तिथे मूळ एकदम काळसर दिसत असेल, वरची पांढरी रेषा तुटलेली असेल, किंवा बोगदा तिथेच अचानक वळलेला अथवा अरुंद झालेला असेल, तर संबंध निकटचा आहे असे धरायचे. परंतु ओपीजी ही सपाट प्रतिमा असल्यामुळे नस मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या बाजूला आहे की मुळांच्या मधून गेली आहे, हे तिच्यावरून कळत नाही. ते सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवरून कळते. सीबीसीटी केला म्हणून धोका आपोआप कमी होत नाही. तो पाहून शस्त्रक्रियेची पद्धत बदलणार असेल तरच त्याचा खर्च आणि किरणांचा डोस सार्थकी लागतो. तुमच्या बाबतीत तो करावा असे माझे मत आहे.

आकड्यांविषयी सांगायचे तर सर्वसाधारणपणे खालच्या अक्कलदाढा काढल्यावर ओठाची तात्पुरती बधिरता शंभरात साधारण एक ते पाच जणांना येते आणि कायमची बधिरता शंभरात एकापेक्षाही कमी जणांना राहते. मात्र मुळे नसेला टेकलेली असतील तर हे सरसकट आकडे तुम्हाला लागू होत नाहीत, धोका त्याहून अधिक असतो. म्हणून "आमच्याकडे सहसा असे होत नाही" या उत्तरावर थांबू नका. "माझ्या फिल्मवर मला दाखवा" असे म्हणा. फिल्म प्रकाशात धरून बोगद्यावर बोट ठेवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ज्या नसेची आपल्याला इतकी काळजी वाटते, तिलाच आम्ही भूल देऊन काम करतो, हेही जाता जाता सांगतो. १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनचे इंजेक्शन देऊन खालच्या जबड्याची हीच नस बधिर करून दाखवली. आज आपण लिग्नोकेन आणि त्यासोबत थोडे ॲड्रेनलिन वापरतो. भूल दिल्यावर ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, ती शारदाताईंनी वर्णिलेल्या बधिरतेची काही तासांची झलकच असते. शस्त्रक्रियेच्या वेळी दाब जाणवतो, यंत्राचा आवाज हाडातून कानात घुमतो आणि थंड पाणी गालात साचते. टोचणारी वेदना मात्र जाणवता कामा नये. ती जाणवली तर हात वर करा, आम्ही थांबून भूल वाढवतो. ते थंड सलाइन नुसते धुण्यासाठी नसते. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर हाडाच्या पेशी मरतात, म्हणून हाड कापणाऱ्या फिरत्या टोकावर, म्हणजे बरवर, सतत पाण्याची धार लागते. दाढ अखंड ओढून न काढता तिचे दोन-तीन तुकडे करून एकेक तुकडा बाहेर घेतो, कारण त्यामुळे हाड कमी कापावे लागते आणि मुळे नसेवर रेटली जात नाहीत.

संमतिपत्राबाबत तुम्ही सही थांबवली हे योग्यच केले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, उद्देश, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजतील इतकी माहिती देऊनच संमती घ्यावी. मराठीत समजावून सांगा आणि शक्य असल्यास मराठी पत्र द्या, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नका. दुसरे मत हवे असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे.

वेणूप्रिया (मिरज):

शारदाताई, डॉक्टर, दोघांचेही मनापासून आभार. शस्त्रक्रियेची तारीख मी पुढे ढकलली आणि दुसऱ्या सर्जनकडे जाऊन सीबीसीटी करून घेतला. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर दाढेचे काप एकामागून एक सरकवत दाखवले. एका कापात मागच्या मुळाला आतल्या, म्हणजे जिभेकडच्या, बाजूने खोबण पडलेली होती आणि त्या खोबणीत नसेचा गोल काळा ठिपका बसलेला होता. मध्ये हाडाचा पातळसा पापुद्राही नव्हता. ते पाहिल्यावर माझ्या मनातली अस्पष्ट भीती गेली आणि प्रश्न नेमका झाला.

पुढच्या दाढेला किड नाही. या सर्जननी कोरोनेक्टॉमीचा पर्याय सुचवला आहे, म्हणजे दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळे जागीच ठेवायची. ऐकल्यावर मला पहिली शंका आली ती अशी की कापलेली मुळे आत सडणार नाहीत का, आणि त्यांचे रूट कॅनाल करावे लागेल का? शिवाय पुढे केव्हातरी तीच मुळे काढायची वेळ आली तर मी दोनदा त्रास सोसल्यासारखे होणार नाही का?

लेक चिपळूणची:

प्रश्न थोडा वेगळा असला तरी इथेच लिहिते, कारण रुग्णाने डॉक्टरांना काय सांगावे याचा संबंध याच चर्चेशी आहे. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची वरची एक हलणारी दाढ काढली. साधी दाढ होती, दहा मिनिटांत निघाली. पण खड्डा भरेना. दोन महिने झाले तरी तिथे पिवळसर खडबडीत हाड उघडे दिसत होते आणि जिभेला टोचत होते. नंतर उलगडा झाला की हाडे ठिसूळ झाली म्हणून तिला तीन वर्षे वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन दिले जात होते.

दाढ काढण्याआधी डॉक्टरांनी "कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले होते. आईने प्रामाणिकपणे रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले. वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन तिच्या लेखी चालू औषध नव्हतेच. तसेच "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला तिने नाही म्हटले, कारण ती तंबाखू खात नाही, ती पहाटे उठल्यावर मशेरी लावते. चाळीस वर्षे ती दात घासण्याची वस्तू म्हणून मशेरी लावत आली आहे आणि तिला ती तंबाखू वाटतच नाही. डॉक्टरांनी विचारले, आईने उत्तर दिले, दोघांनीही खोटे काही सांगितले नाही आणि तरीही महत्त्वाच्या दोन्ही गोष्टी राहून गेल्या. मी सोबत होते, मला दोन्ही माहीत होत्या आणि मी बोलले नाही. म्हणून विनंती आहे की घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत जाताना औषधांच्या चिठ्ठ्यांची जुनी फाइल घेऊन जा.

शल्यदंत (छत्रपती संभाजीनगर):

चिपळूणच्या ताईंनी जे लिहिले ते आमच्या शाखेतल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी आणि काही कर्करोगांत हाडांसाठी दिली जाणारी अशी औषधे जबड्याच्या हाडाची भरून येण्याची क्षमता मंदावतात. २००३ साली अमेरिकेतील सर्जननी याकडे प्रथम लक्ष वेधले. आठ आठवड्यांनंतरही हाड उघडे राहिले तर या औषधांचा परिणाम असावा असे धरून उपचार करतात. ठिसूळपणासाठी दिलेल्या डोसमध्ये हा धोका कमी असतो, कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसमध्ये तो बराच अधिक असतो, पण दोन्हीत दाढ काढण्याआधी माहिती मिळणे आवश्यक असते. हे ऐकून कोणीही आपल्या मनाने ते औषध बंद करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच आहे. साध्या दाढेसाठी ॲस्पिरिन सहसा बंद करावी लागत नाही, आणि ती परस्पर बंद केल्याने हृदयाला होणारा धोका हिरडीतून थोडे अधिक रक्त येण्याच्या त्रासापेक्षा फार मोठा असतो. मधुमेहींनी जेवून, नेहमीची औषधे घेऊन आणि अलीकडची साखरेची तपासणी सोबत घेऊन यावे. मशेरी, गुटखा, सिगारेट या सगळ्यांबद्दल मी आता नाव घेऊन एकेक विचारतो.

वेणूप्रियाताई, नस आतल्या बाजूला, मुळाच्या खोबणीत आणि मध्ये हाड नाही, ही स्थिती अधिक धोक्याचीच मानली जाते. तुमच्या सर्जननी सुचवलेला पर्याय मला पटतो. कोरोनेक्टॉमीत मुळांचे रूट कॅनाल करत नाहीत. दाढेचा वरचा भाग आडवा कापून उरलेली मुळे हाडाच्या कडेच्या तीन-चार मिलिमीटर खाली जातील इतकी घासतात आणि हिरडी वरून शिवून बंद करतात. मुळातला जिवंत गाभा तसाच राहतो, त्यावर हाड तयार होते आणि सहसा तो सडत नाही. दाढ आधीच किडलेली असेल, मुळाशी पस असेल किंवा कापताना मुळे हलू लागली तर मात्र ती ठेवता येत नाहीत. तसे घडल्यास तिथेच पूर्ण दाढ काढावी लागते. ही शक्यता तुमच्या संमतिपत्रात लिहिलेली असावी आणि तिच्याबद्दल आधीच बोलणे झालेले असावे.

दोनदा त्रास होण्याची शंका रास्त आहे. ठेवलेली मुळे पुढच्या महिन्यांत हळूहळू वर, म्हणजे नसेपासून दूर, सरकतात. थोड्या रुग्णांत ती हिरडीपर्यंत येतात आणि काढावी लागतात, पण तोपर्यंत ती नसेपासून दूर आलेली असल्याने ती दुसरी शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित असते. मी स्वतः बासरी वाजवणाऱ्या रुग्णाला हा सौदा मोकळ्या मनाने सुचवीन.

शस्त्रक्रियेनंतरच्या काही गोष्टी. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा आणि सारखा काढून पाहू नका. पहिला दिवस थुंकू नका, चूळ भरू नका आणि स्ट्रॉने काही पिऊ नका, कारण खड्ड्यातली रक्ताची गुठळी हीच जखमेची झाकण असते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी गाल पहिल्या दिवसापेक्षा मोठा दिसला तर ते अपेक्षितच आहे. उलट, दुखणे कमी होत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम कानापर्यंत ठणका सुरू झाला आणि तोंडाला वास येऊ लागला तर ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी निघून गेल्याने उघडा पडलेला खड्डा, असू शकते. त्यावर आणखी गोळ्या घेण्यापेक्षा जखम धुवून औषध भरून घेणे लागते. आणि शारदाताईंच्या अनुभवावरून सर्वांत महत्त्वाचे: ओठ तीन ते पाच तासांत जागा व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बधिर असेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा.

नारायण (बेळगाव):

डॉक्टर, माझ्या भाच्याचा खालचा जबडा फार पुढे आहे. दातांना तारा लावून झाल्या असून आता जबडा मागे घेण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. तिथेही हीच नस येते का?

शल्यदंत (छत्रपती संभाजीनगर):

होय, हीच नस येते. झुरिकच्या ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत खालचे हाड दोन्ही बाजूंना पानाच्या दोन पदरांसारखे उभे विभागतात आणि पदर एकमेकांवर सरकवून प्लेट व स्क्रूने पक्के करतात. ही नस त्या दोन पदरांच्या मधूनच जाते. त्यामुळे अक्कलदाढेच्या तुलनेत इथे सुरुवातीची बधिरता अपवाद नसून बहुतेकांना येतेच, आणि ती उतरायला काही महिने लागतात. काहींमध्ये थोडी कायम राहते. ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन रुग्णालयात होते. भाच्याला हे त्याच्या तोंडून परत सांगता येईल इतके समजावून घ्या. मामा-आईवडिलांना समजले म्हणजे मुलाला समजले असे होत नाही.

वेणूप्रिया (मिरज):

सात महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण असे धागे शेवट न कळता संपले की मला स्वतःला चुटपुट लागते.

दुसऱ्या सर्जनकडेच कोरोनेक्टॉमी करून घेतली. आधीच्या दिवशी त्यांनी मराठीत पाऊण पानाचे पत्र दिले. त्यात मुळे हलल्यास पूर्ण दाढ काढावी लागेल ही ओळ होती, आणि मी बासरी वाजवते हे त्यांनी माझ्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिले होते. खुर्चीत पंचेचाळीस मिनिटे गेली. मुळे हलली नाहीत. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसून दर अर्ध्या तासाने खालच्या ओठावर कोरड्या कापसाचा धागा फिरवत होते. चार तासांनी डाव्या कोपऱ्यात गुदगुल्या झाल्या, आणि तेव्हा मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. तिसऱ्या दिवशी गाल चेंडूसारखा झाला होता, पण डॉक्टरांनी इथे आधीच सांगून ठेवल्यामुळे मी घाबरले नाही. टाके आठव्या दिवशी काढले. तोंड पूर्ण उघडायला अडीच आठवडे लागले.

बासरी चार आठवड्यांनी हातात घेतली. फुंकेचा ताण जखमेवर येऊ नये म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त मध्य सप्तकातले लांब स्वर वाजवले. सहाव्या महिन्याच्या ओपीजीत मुळे वर सरकलेली दिसली. नस आणि मूळ यांच्यामध्ये आता फिल्मवर स्पष्ट पांढरी रेषा आहे आणि सर्जननी पुढची फिल्म वर्षाने काढायला सांगितली आहे. मंद्र पंचम पूर्वीसारखा लागतो.

शारदाताई, तुमच्या हनुवटीवरच्या त्या जागेची आता काय स्थिती आहे, ते जरूर कळवा.